लाटेचा दणका आधी तळाने सोसायचा

भाचेबुवा, दोन तळांची वेगवान बोट करायचं मनात घेतलंयस, फार बरं वाटलं. वडगाव रासाईत समुद्र कुठे, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. या कामाला भीमा पुरते. कशी, ते सांगतोच.

आधी एक पक्कं धर. लाटेचा दणका पहिल्यांदा तळाच्या घाटाने कमी करायचा, मग स्प्रिंगने, आणि त्यातूनही उरला तर खुर्चीने. सपाट तळाची बोट कमी इंजिनात पाण्यावर उचलली जाते, म्हणून तिचा मोह पडतो. पण ती लाटेवर आपटते तेव्हा आतल्या माणसाचा मणका मार खातो. रे हंटने आखलेल्या खोल 'व्ही' तळाची 'मॉपी' 1960 साली मायामी-नासाऊ शर्यत जिंकली, तीही खवळलेल्या समुद्रात. तेव्हापासून वीस-चोवीस अंशांचा उतार मागपर्यंत नेणं रुळलं. इंजिन जास्त लागतं, ते लागू दे.

दोन्ही तळ अरुंद ठेव, म्हणजे ते लाट चिरत जातात. खरी भीती मधल्या डेकच्या पोटाची. तिथे लाट लागली की तळांनी वाचवलेलं सगळं एका फटक्यात जातं. ती उंची रिकाम्या बोटीवर मोजू नकोस. टाकी भरलेली, माणसं बसलेली, सामान चढलेलं धर. अरुंद तळ वजनाने पटकन खाली बसतात.

आता स्प्रिंग. उगो कॉन्टीची 'प्रोटियस' 2007 साली लोकांसमोर आली. दोन लांब हवाभरले तळ, वर स्प्रिंगच्या पायांवर टांगलेली केबिन, आणि इंजिनं बिजागरीवर, म्हणजे पंखे पाण्यातच राहतात. तिचे पाय एवढे उंच का, हे समजून घे. सेकंदाला एक हेलकावा घेणारी स्प्रिंग नुसत्या वजनानेच 25 सेंटिमीटर दबते. दोन सेकंदांना एक हवा असेल, तर तब्बल एक मीटर. तीस नॉट वेगात आखूड लाटा सेकंदाला एकापेक्षा जास्त वेळा समोरून येतात, म्हणून स्प्रिंग मऊच लागते आणि मऊ स्प्रिंगला जागा लागते. नुसती स्प्रिंग मात्र कधीच लावू नकोस. जोडीला शॉकॲब्सॉर्बर नसेल तर ती घेतलेला दणका परत फेकते.

आता भीमेचं. आठ मीटरची, चार टनांची बोट सोळापट लहान कर. अर्ध्या मीटरचं मॉडेल होतं आणि वजन जेमतेम एक किलो. वेग मात्र चौपटच कमी होतो, तीस नॉटचे साडेसात, म्हणजे ताशी चौदा किलोमीटर. समुद्रातली मीटरभर लाट इथे सहा सेंटिमीटरची, आणि वाऱ्याच्या दुपारी तेवढी बोटभर लाट नदीवर असतेच. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरांची लहान प्रतिरूपं याच हिशोबाने चालवतात.

जलपर्णी नसलेला सरळ पट्टा बघ. ओढणाऱ्या होडीला आडवा लांब बांबू बांध, मॉडेल तिच्या लाटेबाहेर राहिलं पाहिजे. दणका मोजायचा सेन्सर चार-पाच ग्रॅमचाच घे. मोबाइल ठेवलास तर वजनाचा सगळा हिशोब बिघडेल. या मापात दणक्याचा आकडा मोठ्या बोटीइतकाच येतो, पण तो चौपट झटकन संपतो, म्हणून सेन्सरने सेकंदाला निदान काहीशे नोंदी घ्यायला हव्यात. दोरीच्या ओढीवरून इंजिनाची ताकद मात्र काढू नकोस. पाण्याचं घर्षण या हिशोबात बसत नाही, लहान मॉडेलला ते प्रमाणाबाहेर जास्त लागतं.

मोठी बोट झाली की चाचणी रहदारीच्या पाण्यात घ्यायची नाही. 18 डिसेंबर 2024 ला मुंबईत इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि माणसं गेली. मोकळं पाणी, अंगात जॅकेट, आणि इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला. पहिल्या दिवशी निम्म्याच वेगाने जा आणि परत आल्यावर डेकच्या पोटाला हात फिरवून तडा आहे का बघ.