हवेवर उभे राहिलेले छप्पर

मित्रांनो, घराला छप्पर कशाचे असते? कुणाचे कौलांचे, कुणाचे पत्र्याचे, कुणाचे स्लॅबचे. ते पडू नये म्हणून खाली खांब नाहीतर भिंती असतात. पण एक छप्पर असे होते की ते हवेवर उभे होते! गुरुजींनी चित्र दाखवले तरी आम्हांला खरे वाटेना.

हे छप्पर अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या पाँटिअ‍ॅक शहरात होते. १९७५ साली त्या शहराने स्वतःच्या मालकीचे एक मोठे क्रीडागृह बांधले. त्याला ५ कोटी ५७ लाख डॉलर खर्च आला. त्याला सिल्व्हरडोम म्हणत. सिल्व्हर म्हणजे चांदी अन् डोम म्हणजे घुमट. आत सुमारे ८० हजार माणसे बसत. आमच्या गावाची वस्ती दोन हजार. म्हणजे आमच्यासारखी चाळीस गावे एका छपराखाली बसली असती!

छप्पर सुमारे १० एकरांचे होते. ते काचेच्या बारीक धाग्यांच्या कापडाचे होते. वरून पोलादी दोर आवळलेले होते. मोठमोठे पंखे आत सारखी हवा भरत. त्यामुळे आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त राही आणि छप्पर वर उचललेले राही. हवा निसटू नये म्हणून फिरती दारे होती.

तुम्हीही हा प्रयोग करून पाहा.
साहित्य : एक प्लास्टिकची पिशवी, एक पुस्तक.
कृती : पिशवी टेबलावर आडवी ठेवा. तिच्यावर पुस्तक ठेवा. पिशवीचे तोंड मुठीत आवळून आत फुंका. पुस्तक वर उचलले जाते. मूठ सोडली की पुस्तक खाली बसते. (पिशवी डोक्यात घालू नये.)

या क्रीडागृहात एकच खेळ नव्हता. अंड्यासारख्या चेंडूचा अमेरिकन फुटबॉल होई, बास्केटबॉल होई, गाण्याचे कार्यक्रमही होत. १९९४ साली फुटबॉलच्या विश्वचषकाचे सामने तिथे झाले. विश्वचषकाचा सामना छपराखाली होण्याची ती पहिलीच वेळ. पण खेळायला खरे गवत पाहिजे, अन् छपराखाली ऊन कमी. मग तिथल्या विद्यापीठातल्या लोकांनी बाहेर षटकोनी पेट्यांत गवत वाढवले आणि आत आणून पेटीला पेटी जोडली. मधमाशीच्या पोळ्याची घरे असतात ना, अगदी तशी!

पण हवेचे छप्पर रोज सांभाळावे लागते. १९८५ च्या मार्च महिन्यात ओला, जड बर्फ पडला. त्याच्या भाराने छप्पर फाटून खाली आले. बास्केटबॉलच्या संघाला दुसरीकडे खेळायला जावे लागले. छप्पर पुन्हा दुरुस्त केले. पुढे फुटबॉलचा संघही २००१ नंतर तिथून गेला. शहराला खर्च झेपेना. २००९ साली शहराने ते फक्त ५ लाख ८३ हजार डॉलरला विकून टाकले. मी भागाकार केला. म्हणजे शंभर रुपयांची वस्तू जवळजवळ एका रुपयाला गेली! २०१३ साली छप्पर वाऱ्याने फाटले आणि मग ते तसेच लोंबत राहिले.

२०१७ च्या डिसेंबरात ते पाडायला सुरुंग लावले. मोठा आवाज झाला, धूर झाला, पण बांधकाम जागचे हलले नाही! दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुंग लावले तेव्हा कुठे ते पडले. बांधकाम पक्के होते. छपराकडे बघायला मात्र कुणी उरले नव्हते.

हे वाचून मला आमच्या वर्गाची आठवण झाली. दर वर्षी पावसाच्या आधी कौले शाकारतात. यंदा शाकारणी राहून गेली. पहिल्याच पावसात पाणी गळले आणि ग्रंथपेटीतली गोष्टींची पुस्तके भिजली. आम्ही ती पडवीत वाळत घातली, पण पाने फुगली ती फुगलीच.

मला वाटतं, छप्पर दहा एकरांचे असो की एका वर्गाचे, एकदा बांधून भागत नाही. पुढच्या वर्षी मी पाचवीत असेन. चौथीच्या मुलांनो, वळवाचा पाऊस यायच्या आधी गुरुजींना आठवण करा!

– इयत्ता ४ थी