विड्या वळून मान आखडते. मसाजने फरक पडेल?

प्रश्न : दिवसभर बसून विड्या वळते. मान, खांदे आखडतात. स्वीडिश मसाजने बरे वाटेल का?
– एक भगिनी, वळसंग (दक्षिण सोलापूर)

उत्तर : ताई, आखडलेले स्नायू सैल होऊन आराम मिळतो. 19व्या शतकात हॉलंडचे डॉक्टर योहान मेझगर यांनी ही पद्धत बसवली. तिचे पाच प्रकार : लांब हात फिरवणे, मळणे, घासणे, थोपटणे, थरथरवणे. घरच्या कुणाकडून कोमट करडईचे तेल लावून घ्या. मानेपासून खांद्याकडे सावकाश हात फिरवावा, मग खांद्याचा स्नायू चिमटीत धरून मळावा. मणक्यावर दाब नको. 10 मिनिटे पुरे. हा आराम तात्पुरता असतो, म्हणून तासातासाने सूप बाजूला ठेवून उठा, खांदे फिरवा. हाताला मुंग्या, ताप किंवा सूज असेल तर मसाज न करता आधी डॉक्टरांना दाखवा.