मीटरवरचा शेवटचा आकडा

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे गाव तुमच्यापैकी कित्येकांना ठाऊक असेल. अर्धनारी नटेश्वराच्या यादवकालीन मंदिरासाठी ते प्रसिद्ध आहे. आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना येथे मुक्काम करते. गावाच्या नावातच ‘वेळ’ आहे. तेव्हा आपला आजचा पाठ घड्याळापासूनच सुरू करू.

समजा, वेळापूरहून सकाळी ठीक ७ वाजता पंढरपूरची एस.टी. सुटते. दोघा भावांना ती गाठायची आहे. थोरल्याच्या मनगटावर आजोबांचे जुने घड्याळ आहे. त्याला सेकंदकाटासुद्धा नाही. पण ते त्याने आदल्या रात्रीच बिनचूक लावून घेतले आहे. धाकट्याचे घड्याळ नव्या पद्धतीचे, आकडे दाखवणारे. ते सेकंदाचा शंभरावा भागही दाखवते. मात्र ते ७ मिनिटे मागे आहे. एस.टी. कोणाला मिळेल? अर्थातच थोरल्याला! धाकटा स्थानकावर पोहोचेल तेव्हा त्याचे घड्याळ ६ वाजून ५५ मिनिटे ० सेकंद असे अगदी ठामपणे सांगत असेल, आणि गाडी जाऊन दोन मिनिटे झाली असतील.

उपकरण किती बारीक फरक दाखवू शकते हा एक गुण, आणि ते दाखवते ते खरे किती हा दुसरा गुण. पहिल्याला विभेदन म्हणतात, दुसऱ्याला अचूकता. या दोन गुणांची गल्लत केली की एस.टी. चुकते. इलेक्ट्रॉनिक्सच्या छंदात तर याहून मोठे नुकसान होऊ शकते. ते कसे, ते आता पाहू.

दोन मीटर, दोन उत्तरे

वेळापूरच्या परिसरात ऊस पुष्कळ. तोडणीच्या हंगामात ट्रॅक्टर बंद पडून चालत नाही. समजा, तुमच्या शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर सकाळी सुरू होईना. तुम्ही इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेले. म्हणून त्यांनी तुम्हालाच हाक मारली. तुमच्यापाशी दोन मीटर आहेत. पहिला बाजारातून आणलेला स्वस्तातला अंकीय मल्टिमीटर. त्याने बॅटरीचा दाब १२.६१ व्होल्ट दाखवला. दुसरा तुम्हीच डबीत बसवलेला तीन आकडी व्होल्टमीटर. गेल्याच महिन्यात तुम्ही तो एका भरवशाच्या मीटरशी ताडून पाहिला होता. त्याने दाखवले १२.२ व्होल्ट.

आता शिसे-आम्ल बॅटरीचे गणित लक्षात घ्या. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भारित असून काही तास स्वस्थ ठेवलेली असेल, तर तिच्या टोकांमधील दाब सुमारे १२.६५ व्होल्ट असतो. पाऊण भार उरला की तो सुमारे १२.४५, निम्मा उरला की १२.२४ आणि पाव उरला की १२.०६ व्होल्टच्या आसपास येतो. म्हणजे पूर्ण आणि निम्मा यांच्यात उणापुरा ०.४ व्होल्टचा फरक!

पहिला मीटर खरा धरला, तर बॅटरी भरलेली आहे. दोष स्टार्टरमध्ये किंवा तारांत शोधायला हवा. दुसरा खरा धरला, तर बॅटरी निम्मी रिकामी आहे. ती आधी भारित करायला हवी. ती तशीच ठेवली तर पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटाचे कठीण थर बसत जातात आणि हजारो रुपयांची बॅटरी कायमची निकामी होऊ शकते. तुम्ही कोणावर विश्वास ठेवाल? बहुतेक जण म्हणतील, “पहिल्यावर. तो दशांशचिन्हापुढे दोन आकडे दाखवतो!” इथेच आपण फसतो.

मीटरच्या पोटात काय चालते?

अंकीय मीटर दाब मोजतो तो तुलना करून. एक हौद डोळ्यांपुढे आणा. अनोळखी नळाने तो १००० टिकटिक होईपर्यंत भरायचा. मग तो नळ बंद करून, ठरावीक वेगाने वाहणारी मोरी उघडायची आणि हौद रिकामा व्हायला किती टिकटिक लागतात ते मोजायचे. नळ मोठा असेल तितकी टिकटिक जास्त. मीटरमध्ये हौदाच्या जागी संधारित्र, म्हणजे कपॅसिटर असतो. नळ म्हणजे आपण मोजत असलेला दाब आणि मोरी म्हणजे मीटरच्या आतला संदर्भदाब. स्वस्त मीटरांत सर्रास आढळणारी ७१०६ या क्रमांकाची चिप नेमके हेच करते. तिचा संदर्भदाब बहुधा १०० मिलिव्होल्ट ठेवलेला असतो.

या युक्तीची गंमत अशी, की टिकटिक करणारे घड्याळ थोडे मंद झाले तरी बिघडत नाही. भरताना आणि रिकामे करताना तेच घड्याळ वापरलेले असल्यामुळे त्याची चूक कटून जाते. पण मोरी अरुंद झाली तर? हौद रिकामा व्हायला जास्त वेळ लागेल आणि आकडा मोठा येईल.

आपल्या बॅटरीचा खरा दाब १२.२३ व्होल्ट होता असे समजा. २० व्होल्टच्या पल्ल्यावर मीटरमधील रोधांची जोडणी त्याचा शंभरावा भाग, म्हणजे १२२.३ मिलिव्होल्ट, चिपकडे पाठवते. संदर्भदाब बरोबर १०० असेल, तर १००० × १२२.३ ÷ १०० = १२२३ टिकटिक होतात आणि पडद्यावर १२.२३ दिसते. पण संदर्भदाब घसरून ९७ झाला असेल, तर १००० × १२२.३ ÷ ९७ = सुमारे १२६१. पडद्यावर दिसेल १२.६१!

संदर्भदाब का घसरतो? एक नेहमीचे कारण म्हणजे मीटरमधील ९ व्होल्टची छोटी बॅटरी. ती उतरत उतरत सुमारे ७ व्होल्टच्या खाली गेली, की चिपचा संदर्भदाब स्थिर राहत नाही. आकडे मात्र पूर्वीइतकेच ठळक आणि स्थिर दिसतात. पडद्यावर बॅटरीची खूण उमटली की मीटरचे ऐकणे थांबवा, ते यासाठीच. आपल्या गोष्टीतला पहिला मीटर असाच होता. चूक होती ३ टक्के, आणि तेवढ्यात निम्मी बॅटरी भरलेली भासली.

साडेतीन आकडे म्हणजे काय?

मीटरच्या खोक्यावर ‘साडेतीन आकडी’ असे लिहिलेले असते. अर्धा आकडा कसा असेल? पडद्यावरचे उजवीकडचे तीन आकडे ० ते ९ यांपैकी काहीही दाखवतात. सर्वांत डावीकडचा मात्र फक्त १ दाखवतो किंवा कोरा राहतो. त्या बिचाऱ्याला ‘अर्धा’ म्हणतात. असा मीटर ० पासून १९९९ पर्यंत मोजतो. म्हणून त्याचे विभेदन पल्ल्यानुसार बदलते:

२ व्होल्टच्या पल्ल्यावर ०.००१ व्होल्ट,
२० व्होल्टच्या पल्ल्यावर ०.०१ व्होल्ट,
२०० व्होल्टच्या पल्ल्यावर ०.१ व्होल्ट.

हे झाले विभेदन. अचूकता पाहायची तर मीटरसोबतचे माहितीपत्रक उघडा. त्यात असे काही लिहिलेले असते: ± (वाचनाच्या ०.५ टक्के + २ अंक). पहिला भाग संदर्भदाब आणि रोध यांच्या चुकांचा. दुसरा भाग पडद्यावरच्या शेवटच्या स्थानाचा; तेथे २ ने इकडे तिकडे होऊ शकते.

चांगल्या स्थितीतल्या अशा मीटरने २० व्होल्टच्या पल्ल्यावर १२.६१ दाखवले, तर?

१२.६१ चे ०.५ टक्के = ०.०६३
२ अंक = ०.०२
एकूण = ०.०८३

म्हणजे खरा दाब १२.५३ ते १२.६९ यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. शेवटचा १ सोडाच, त्याच्या आधीचा ६ सुद्धा पक्का नाही. तेच वाचन २०० व्होल्टच्या पल्ल्यावर घेतले तर पडद्यावर १२.६ दिसेल आणि २ अंक म्हणजे ०.२ होतील. एकूण चूक ०.२६ व्होल्ट! म्हणून वाचन मावेल असा सर्वांत लहान पल्ला निवडावा.

आता कोणी म्हणेल, “मी साडेचार आकडी मीटर आणतो.” आणा, पण माहितीपत्रक वाचून. त्यातही ०.५ टक्केच लिहिलेले असेल, तर १२.६०८ या वाचनातील चूक होईल ०.०६३ + ०.००२ = ०.०६५. पडद्यावर एक आकडा वाढला, विभेदन दहापट झाले. चूक मात्र ०.०८३ वरून जेमतेम ०.०६५ वर आली. जास्त पैसे आकड्यासाठी मोजलेत, अचूकतेसाठी नव्हे.

मग जादा आकडे निरुपयोगी का?

नाही, असेही समजू नका. एस.टी. चुकवणारे धाकट्याचे घड्याळ शाळेच्या मैदानावर न्या. १०० मीटर धावण्याच्या शर्यतीत तेच उपयोगी पडेल. ते ७ मिनिटे मागे आहे ना? पण शर्यत सुरू होतानाही ७ मिनिटे मागे आणि संपतानाही ७ मिनिटे मागे. वजाबाकीत चूक नाहीशी होते, आणि उरतो तो फरक सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत कळतो. आजोबांचे घड्याळ येथे कामाचे नाही.

मीटरचेही तसेच. साडेचार आकडी मीटरने एखाद्या बॅटरीचा दाब सकाळी १२.६०८ आणि संध्याकाळी १२.५९१ दाखवला, तर बॅटरी सुमारे १७ मिलिव्होल्टने उतरली हे आपण बऱ्याच खात्रीने म्हणू शकतो. मीटर आणि पल्ला एकच असल्यामुळे टक्क्यांची चूक या १७ मिलिव्होल्टनाच लागू होते, आणि १७ चे ०.५ टक्के म्हणजे नगण्य. शेवटच्या स्थानातली दोन-चार अंकांची शंका तेवढी उरते. सारख्या किमतीचे दोन रोध निवडणे, तारेतील दाबाची घट पाहणे, एखादी गोष्ट हळूहळू बदलते का ते तपासणे, अशा कामांना विभेदन हवे. “बॅटरी किती भरली आहे?” यासारख्या प्रश्नाला अचूकता हवी. आधी प्रश्न ओळखा, मग मीटर उचला.

खरा व्होल्ट कोठे असतो?

अचूकता हवी, तर मीटर कशाशी तरी ताडून पाहायला हवा. यालाच अंशांकन म्हणतात. पण ज्याच्याशी ताडायचे, ते तरी खरे कशावरून? तेही त्याहून चांगल्या मापाशी ताडलेले असते, ते त्याहून चांगल्या मापाशी. ही साखळी वर चढत चढत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत जाते. देशाची प्रमाण मापे तेथे सांभाळली जातात. भारतीय प्रमाणवेळही तीच राखते. महाराष्ट्रात या साखळीतील एक दुवा म्हणजे मुंबईतील चुनाभट्टीची आय.डी.ई.एम.आय. ही संस्था. विद्युत् मापन उपकरणांच्या रचनेसाठी आणि तपासणीसाठी ती १९६९ मध्ये स्थापन झाली. नाशिकच्या कारखान्यांत मल्टिमीटर तयार होतात, त्यांनाही अशी साखळी लागतेच.

साखळीच्या टोकाला पूर्वी वेस्टन घट नावाचा रासायनिक घट असे. २० अंश सेल्सिअस तपमानाला त्याचा दाब सुमारे १.०१८६ व्होल्ट. पुढे १९६२ मध्ये केंब्रिजच्या ब्रायन जोसेफसन या २२ वर्षांच्या विद्यार्थ्याने गणिताने दाखवून दिले, की दोन अतिसंवाहकांमध्ये अतिशय पातळ अडसर ठेवला, तर तेथील दाब आणि विद्युतप्रवाहाची वारंवारता यांचे प्रमाण ठरलेले असते. १ व्होल्टला सेकंदास सुमारे ४,८३,५९७.८ अब्ज आवर्तने! १९७३ मध्ये त्याला या कामाबद्दल नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, आणि १९९० पासून जगभर व्होल्टचे प्रमाण याच परिणामावर आधारलेले आहे.

तुम्हाला दिल्ली गाठण्याची गरज नाही. बाजारात संदर्भदाब देणाऱ्या लहान चिपा मिळतात. एलएम ४०४० ही त्यांपैकी एक. तिच्या ‘ए’ दर्जात चूक ०.१ टक्क्याच्या आत असते. ०.५ टक्क्याचा मीटर तपासायला ती पुरेशी आहे, कारण मोजपट्टी ही मोजायच्या वस्तूहून निदान चारपट चांगली असावी असा संकेत आहे. नवा कोरडा घट मात्र संदर्भ म्हणून वापरू नका. त्याचा दाब घटागणिक बदलतो.

आणि हा प्रश्न केवळ छंदाचा नाही. उसाची ट्रॉली वजनकाट्यावर चढते, तेव्हा लाल आकडे किती बारीक वजन दाखवतात यापेक्षा तो काटा प्रमाण वजनांनी केव्हा तपासला आणि त्यावर वैधमापनशास्त्र यंत्रणेची मुद्रा आहे का, हे विचारावे. २० टनांच्या ट्रॉलीला १ टक्का चूक म्हणजे २०० किलो ऊस! पडद्यावरचा आकडा नुसता पाहून ही चूक कोणालाही दिसणार नाही.

करून पाहा

(खालील प्रयोग फक्त घट आणि बॅटरीवर करावेत. घरातील विजेच्या प्लगमध्ये मीटरची टोके घालू नयेत.)

१. वर्गात जितके मल्टिमीटर मिळतील तितक्यांनी एकाच बॅटरीचा दाब लागोपाठ मोजा. प्रत्येक वाचनापुढे माहितीपत्रकावरून ± चूक लिहा. सर्व पल्ले एकमेकांना स्पर्श करतात का? न करणारा मीटर कोणता?

२. एका मीटरने तोच दाब निरनिराळ्या पल्ल्यांवर मोजा. कोणत्या पल्ल्यावर चूक सर्वांत कमी येते, ते गणिताने दाखवा.

३. पाच मीटरांची वाचने अगदी सारखी आली. तरीही ती पाचही चुकीची असू शकतील का? केव्हा? मित्रांशी चर्चा करा. (सूचना: पाचही मीटर एकाच खोक्यातून आले असतील तर?)