कुंडीतली माती आणि घरातली मांजर

घरात मांजर असली आणि सुनेला दिवस गेले की सल्ल्यांचे फोन सुरू होतात. आमच्याकडेही झाले. विहीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, मनीला थोडे महिने दुसरीकडे ठेवता येईल का?" नणंदबाईंनी आडपडदा ठेवला नाही : "वहिनी, सोडून या तिला मंडईत. केस पोटात गेला तर?" नेमका त्याच सुमारास गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. शेजारच्या काकूंनी त्याचंही खापर मांजराच्या जंतूंवर फोडलं.

मनी घरातच राहिली आणि बाळही सुखरूप आलं. पण त्या महिन्यांत डॉक्टरांना विचारून, वाचून आणि करून बघून जे कळलं, ते मांजर पाळणाऱ्या आणि कुंड्या जपणाऱ्या प्रत्येक घराला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

सगळे घाबरतात तो परजीवी म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा. तो 1908 साली सापडला, पण त्याच्या जीवनचक्रातला मांजराचा वाटा उलगडायला 1970 उजाडलं. मांजर कच्चं मांस, उंदीर किंवा पक्षी खाते, तेव्हा तो तिच्या आतड्यात वाढतो आणि विष्ठेतून त्याच्या सूक्ष्म अंडपुट्या बाहेर पडतात. साधारणपणे आयुष्यात एकदाच, पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडे हे चालतं. ताज्या विष्ठेतून लागण होत नाही. अंडपुट्या पक्व व्हायला एक ते पाच दिवस लागतात. मात्र एकदा पक्व झाल्या की ओलसर मातीत वर्षभर आणि त्याहून अधिकही टिकतात. मांजर सतत अंग चाटत असते, त्यामुळे तिच्या केसांवर त्या सहसा राहत नाहीत. म्हणजे नणंदबाईंची केसाची भीती अनाठायी होती. ज्यांना मांजराची ॲलर्जी किंवा दमा आहे त्यांची गोष्ट वेगळी, पण तो त्रास मांजराच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनामुळे होतो, जंतूंमुळे नव्हे.

सुनेची रक्ततपासणी झाली. टॉक्सोप्लाझ्माचा रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं. डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, "आता जास्त सांभाळायचं. हिला आधी कधी लागण झालेली नाही, म्हणजे शरीरात संरक्षणही नाही." हे मला अगदी नवीन होतं. ज्या बाईला गरोदरपणाच्या बऱ्याच आधी लागण होऊन गेली आहे, तिच्या बाळाला सहसा धोका नसतो. जुन्या लागणीची खूण दाखवणारा पॉझिटिव्ह रिपोर्ट पाहून रडारड करणारी घरं मी नंतर पाहिली. तो रिपोर्ट डॉक्टरांनी नीट समजावून सांगेपर्यंत कुणी घाबरू नये. खरा धोका असतो तो गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर. सुरुवातीच्या महिन्यांत ती बाळापर्यंत पोचण्याची शक्यता कमी, पण पोचलीच तर मेंदूला आणि डोळ्यांना इजा गंभीर होते.

मग सांभाळायचं कशापासून? डॉक्टरांच्या यादीत मांजर बरीच खाली होती. वर होतं अर्धवट शिजलेलं मटण, कच्चं मांस चिरलेली सुरी आणि फळी, न धुतलेली कोशिंबीर आणि माती. शाकाहारी घरांनी निर्धास्त राहू नये. कोइमतूरमध्ये 2004-05च्या सुमारास डोळ्यांच्या टॉक्सोप्लाझ्माचे 248 रुग्ण आढळले आणि संशयाचं बोट पिण्याच्या पाण्याकडे गेलं होतं.

आमच्या घरात माती म्हणजे माझ्या कुंड्या. मनी तिच्या ट्रेमध्येच जाते, पण सोसायटीतला एक बोका रात्री गॅलरीत येऊन कुंड्या उकरत असे. कढीपत्ता करपला तो त्याच्यामुळेच, पण जंतूंनी नव्हे. हे परजीवी उष्ण रक्ताच्या प्राण्यांत जगतात, झाडाला ते आजारी पाडत नाहीत. झाडाला भोवतं ते मूत्र. त्यातला युरिया आणि क्षार मुळांना भाजतात, आणि आधी पानांच्या कडा तपकिरी होतात. मी हातमोजे घालून वरचा मातीचा थर काढला, कुंडीचं भोक मोकळं आहे ना ते पाहिलं आणि तळातून वाहून जाईपर्यंत पाणी घातलं. कढीपत्त्याला पुन्हा पालवी फुटली. मग प्रत्येक कुंडीत गोटे आणि करवंट्यांचे तुकडे पसरले, मध्ये लिंबाच्या काटेरी फांद्या खोचल्या. बोक्याला उकरायला जागाच उरली नाही.

त्याच गॅलरीत पुदिना आणि कोथिंबीर होती, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीतली काळजीची जागा हीच. पाणी घालताना माती पानांवर उडते, ते पान चिमटीने तोडून थेट चटणीत जातं. झाडाला काही होत नाही, खाणाऱ्याला होऊ शकतं. त्या कुंड्यांची माती मी पूर्ण बदलली. काढलेली माती आणि मांजराचं लिटर पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्यावं, घरच्या कंपोस्टमध्ये कधीही घालू नये. घरगुती खताच्या उबेने या अंडपुट्या मरतीलच असा भरवसा नाही. ब्लीचलाही त्या दाद देत नाहीत, म्हणून ट्रेवर उकळतं पाणी ओतावं. ट्रे रोजच्या रोज साफ झाला तर त्या पक्व व्हायच्या आतच बाहेर जातात. आमच्याकडे हे काम मुलाने केलं, बागकाम मी केलं, आणि सुनेने मनीला मांडीवर घेतलं. मनीला शिजवलेलंच अन्न देत होतो आणि बाहेर शिकारीला सोडत नव्हतो.

रांगत्या मुलांसाठीही कुंड्या झाकाव्यात. मांजराच्या गोल कृमींची अंडी मातीत राहतात आणि माती खाणाऱ्या मुलाच्या पोटात जाऊ शकतात. मनीला जंताचं औषध वेळेवर देण्यामागे हेही एक कारण आहे. पिल्लाच्या अंगावर केस गेलेले गोल चट्टे दिसले तर ते गजकर्ण असू शकतं, आणि ते माणसालाही होतं.

ओरखड्याकडे मात्र घरोघर दुर्लक्ष होतं. माझ्या भाचीच्या मुलाला पिल्लाने ओरबाडलं आणि काही दिवसांनी काखेत गाठ आली. आपल्याकडे गाठ म्हटली की टीबीची धास्ती. पिल्लाचा विषय निघाला तेव्हा डॉक्टरांना दिशा मिळाली. पिसवांमुळे मांजरांत पसरणारा बार्टोनेला नावाचा जिवाणू होता. गाठ हळूहळू आपोआप जिरली. म्हणून डॉक्टरांना घरात मांजर आहे हे न विचारताच सांगावं.

चावा त्याहून वाईट. मांजराचा सुळा बारीक आणि खोल जातो, वरून जखम किरकोळ दिसते आणि हात एका दिवसात सुजू शकतो. त्यात रेबीजचा धोका मांजरामुळेही असतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवावी. हळद, मिरची, चुना काहीही लावू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मांजराला दहा दिवस नजरेखाली ठेवायचं असतं, पण तेवढ्यासाठी लस लांबवू नये. आणि पोटात बाळ आहे म्हणून रेबीजची लस टाळू नये, ती गरोदरपणातही देतात.