पुष्पांगपरिचय : मोह, धातकी व नागकेसर

द्रव्याचे प्रयोज्यांग सांगताना ग्रंथांत बहुधा 'पुष्प' एवढेच म्हटलेले असते. फुलाची मंडले चार : बाहेरून आत निदलपुंज, दलपुंज, पुंकेसर व स्त्रीकेसर. यांपैकी औषधात नेमके काय जाते, हे द्रव्यागणिक बदलते.

गोंदिया जिल्ह्यातील वैद्यमित्रांना हा भेद मोहाखाली सहज पाहता येईल. चैत्रात पहाटे गळणारे मांसल, पिवळट फूल हे पूर्ण फूल नव्हेच. तो पुंकेसरांसह सुटलेला दलपुंज होय. तपकिरी लवदार निदलपुंज, अंडाशय व लांब कुक्षीवृंत फांदीवरच राहतात आणि पुढे तेथेच फळ धरते. म्हणून पडलेली फुले वेचल्याने तेलबियांची हानी होत नाही. फांद्या झोडपल्याने मात्र होते.

धातकीचे, म्हणजे धायफुलाचे, याच्या अगदी उलट आहे. त्यातील तांबडी नळी हा निदलपुंज. पाकळ्या सहा, पण इतक्या चिमुकल्या की नळीच्या दातांमधून जेमतेम दिसतात. बारा पुंकेसर बाहेर डोकावतात. हा निदलपुंज फळ धरल्यावरही टिकून राहतो आणि व्यवहारातील घोटाळा येथेच होतो. उशिरा तोडलेला माल वरून फुलासारखाच दिसतो. आत मात्र बोंड व बारीक बी असते. अशोकारिष्ट, अरविंदासव इत्यादी कल्पांत धातकी संधानासाठी योजतात. फुलातील मकरंद व त्यावरील किण्व त्या कामी येतात. बोंडांनी भरलेल्या मालाकडून ती अपेक्षा धरू नये. औषधनिर्मात्यांनी प्रत्येक पोत्यातील मूठभर फुले कोमट पाण्यात भिजवून सुईने उभी फाडून पाहावीत. काम थोड्या वेळाचे आहे, पण ते कोणी करीत नाही!

चतुर्जातातील नागकेसरासाठी आपली सारी भिस्त बाजारावर. खऱ्या नागकेसराला निदले चार, शुभ्र पाकळ्या चार व सोनेरी पुंकेसर असंख्य. त्याच्या नावाने सुरंगीच्या कळ्याही विकल्या जातात. त्यांचा निदलपुंज दोनच शकलांत उकलतो. भिजवलेल्या कळीची बाह्य आवरणे मोजली की उलगडा होतो. 'काळा नागकेसर' म्हणून येणारी दालचिनीच्या वर्गातील कच्ची फळे तर फूलच नव्हेत. त्यांत केसर शोधूनही सापडणार नाही. सुगंध आहे, तेव्हा चालेल, हे विक्रेत्यांचे म्हणणे आम्हांस मान्य नाही. असा माल परत करावा.