डोळ्यांना न दिसणारी इजा

प्रसूतीनंतर मल अथवा वायू रोखता न येणे, ही व्यथा अनेक स्त्रिया वर्षानुवर्षे मनातच ठेवतात. घरातही तिची वाच्यता होत नाही, मग डॉक्टरांकडे जाणे दूरच.

गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन कडी असतात. आतले आपोआप आवळलेले राहते. बाहेरचे आपल्या इच्छेने आवळता येते. प्रसूतीच्या वेळी ती फाटली व वरची त्वचा शाबूत राहिली, तर इजा लक्षात येत नाही. येथे श्राव्यातीत ध्वनिलहरी, म्हणजेच सोनोग्राफी, उपयोगी पडते. बोटाएवढी शलाका काही मिनिटे गुदद्वारात ठेवून चोहोबाजूंचे चित्र घेतात. आतले कडे काळसर, बाहेरचे उजळ दिसते. फाटल्या जागी खंड पडलेला दिसतो. क्ष-किरणांचा यात संबंध नाही.

लंडन येथे सुलतान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रथमच योनिमार्गे प्रसूत झालेल्या ७९ स्त्रियांपैकी २८ जणींत असा खंड आढळला. चिमटा लावून झालेल्या १० प्रसूतींपैकी ८ मध्ये तो होता. यावरून सिझेरियनच बरे, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. खंड असलेल्या प्रत्येकीला त्रास होतोच असे नाही.

त्रास असेल तर प्रथम स्नायूंचे व्यायाम, आहारात बदल आणि गरजेनुसार शस्त्रक्रिया असा क्रम असतो. खंड कोठे व किती, हे चित्रावरून कळल्याने शल्यविशारदाचा निर्णय सुकर होतो. पण त्याआधी कोणीतरी विचारावे लागते. प्रसूतीनंतरच्या गृहभेटीत आशा कार्यकर्तीने हा एक प्रश्न एकान्तात विचारला, तर स्त्री बोलू शकेल.