अकोल्यात राहून वेबसाइटचं काम : पालकांनी काय तपासावं, मुलांनी काय शिकावं

बारावीचे निकाल लागले की पालकांचे फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक एकच असतो : "पोरगं दिवसभर लॅपटॉपवर असतं. वेबसाइट बनवायची कामं घेईन म्हणतंय. अकोल्यात राहून यात पोट भरेल का, का सरळ पुण्याला नोकरी बघायला लावू?"

मी इथूनच हे काम करतो, म्हणून उत्तर देतो : भरेल, पण नुसतं कोडिंग येतं म्हणून नाही. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते भरवशाचे. ठरल्या दिवशी वेबसाइट सुरू होईल, बंद पडली तर कोणीतरी फोन उचलेल, पुढच्या वर्षीही तोच माणूस सापडेल, हा तो भरवसा. तो देण्याइतकं तयार व्हायला वेळ लागतो, आणि आपलं मूल त्या वाटेवर आहे का हे पालकांना कोडिंग न कळताही तपासता येतं.

आधी काम येतं कुठून ते पाहू. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आपल्या अकोले तालुक्यात भंडारदरा, रंधा धबधबा, कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड, साम्रदची सांदण दरी आहे. मेअखेरीस पुरुषवाडीकडे आणि भंडारदऱ्याच्या जंगलात काजवे पाहायला मुंबई-पुण्याची माणसं येतात, मग पावसाळी पर्यटन, मग हिवाळ्यातले ट्रेक. या सगळ्यावर टेंटवाले, होमस्टेवाले आणि गाइड उभे आहेत. शिवाय पतसंस्था, शाळा, दवाखाने, काळभातासारखा गावरान तांदूळ थेट विकू पाहणारे शेतकरी गट. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री मिळाल्यापासून इथल्या गावरान बियाण्याची चौकशी बाहेरूनही होते. म्हणजे माल आहे, सेवा आहे, विचारणारेही आहेत.

तरी प्रत्येकाला वेबसाइट लागतेच असं नाही. दोन खोल्यांचा होमस्टे चालवणाऱ्याला गूगल मॅपवरची व्यवसायाची मोफत नोंद, चांगले फोटो आणि व्हॉट्सअॅप एवढं बऱ्याचदा पुरतं. तसं त्याला तोंडावर सांगावं. त्या दिवसाचं काम जातं, पण तोच माणूस पुढे तीन गिऱ्हाईकं पाठवतो. तालुक्याच्या गावात नाव पसरायला वेळ लागत नाही, चांगलं असो वा वाईट.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं, ते एका उदाहरणातून सांगतो. भंडारदऱ्याकडच्या एका टेंट कॅम्पच्या मालकांना काजव्यांच्या हंगामाआधी वेबसाइट हवी होती. मजकूर त्यांनी गावातल्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून आणला होता, श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये. तो वेबसाइटवर टाकला की मराठी जाऊन इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, कारण असे जुने फॉन्ट युनिकोडमध्ये नाहीत. मजकूर कन्व्हर्टरमधून काढायचा आणि मग एकेक ओळ वाचून काढायची, कारण रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. पुढचं काम आणखी बारीक. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवली आणि फॉन्टमध्ये तशी सोय असली की 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे उमटतात, नाहीतर हिंदी वळणाचे. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलं तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात. हे शिकवणारा क्लास मला तरी कुठे दिसलेला नाही. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाची नजर मात्र अशा चुकीवर लगेच जाते. ही त्याची जमेची बाजू आहे. तिची लाज वाटून घेऊ नये.

मग रस्ता. मुंबईचा पर्यटक कसारा-घोटीकडून येतो, पुण्याचा संगमनेर-अकोले-राजूर मार्गे. दरीत उतरलं की मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे नुसता नकाशा जोडून भागत नाही. रस्ता शब्दांत लिहावा लागतो आणि पान इतकं हलकं ठेवावं लागतं की रेंजचा एखादा काटा असला तरी उघडेल. पत्त्यात 'अकोले' एवढंच लिहिलं तर शोधणारा विदर्भातल्या अकोल्याला पोचतो, म्हणून तालुका, जिल्हा, पिनकोड सगळं लिहायचं. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं असलं तरी लोक अहमदनगर असंही शोधतात, तेव्हा दोन्ही नावं पानावर हवीत.

आगाऊ रक्कम ऑनलाइन घ्यायची होती. पेमेंट गेटवे सुरू करायला मालकाचं पॅन, बँक खातं आणि इतर कागद लागतात. वेबसाइटवर अटी, बुकिंग रद्द केल्यास परताव्याचे नियम, गोपनीयता धोरण आणि संपर्काचं पान असावं लागतं. तपासणीत दिवस जातात. ज्यांनी हे शेवटच्या आठवड्यावर ठेवलं त्यांची तारीख हुकली असं मी बरेचदा पाहिलंय. आम्ही पहिल्याच भेटीत कागद मागून घेतले.

सगळ्यात नाजूक मुद्दा डोमेनचा. याच मालकांची जुनी वेबसाइट होती, पण डोमेन ती करून देणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. तो माणूस गाव सोडून गेला, नूतनीकरण राहिलं आणि जुना पत्ता हातचा गेला. छापलेली सगळी कार्डं वाया गेली. म्हणून नियम एकच : डोमेन आणि होस्टिंग गिऱ्हाईकाच्या नावावर, त्याच्या ईमेलवर, त्याच्या पैशाने. डॉट इन डोमेनला वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. डोमेन स्वतःकडे अडकवून गिऱ्हाईक बांधून ठेवणं ही लबाडी आहे, आणि शिकाऊ मुलांना ती युक्ती म्हणून सांगणारे लोक आहेत. त्यांच्यापासून लांब राहा.

लाँच मंगळवारी केलं, शनिवार-रविवारच्या तोंडावर नाही. काही बिघडलं तर दुरुस्तीला मधले दिवस हातात राहतात. डीएनएसमधला बदल सगळीकडे पोचायला काही तासांपासून दोन दिवसांपर्यंत वेळ जाऊ शकतो, याची कल्पना मालकांना आधी दिली होती, त्यामुळे "माझ्या भावाच्या फोनवर दिसत नाहीये" या फोनने कोणी घाबरलं नाही. जुन्या मजकुराचा बॅकअप, एसएसएल सर्टिफिकेट, चौकशीचा फॉर्म भरल्यावर ईमेल स्पॅममध्ये तर जात नाही ना, एक रुपया खरोखर भरून तो खात्यात जमा होतो का, आणि हे सगळं स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर चालतं का, एवढं तपासूनच वेबसाइट खुली केली. शेवटी मालकांच्या मुलीला शेजारी बसवून दर आणि फोटो कसे बदलायचे ते शिकवलं आणि सगळ्या पासवर्डांची यादी त्यांच्या हवाली केली.

यात कोडिंगचा वाटा किती थोडा होता, ते बघा. म्हणून शिकताना दोन्ही बाजू शिका. तांत्रिक बाजूला एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट हा पाया. त्यानंतर वर्डप्रेस, कारण लहान व्यावसायिकांची बरीच कामं त्यावरच होतात. मग थोडं पीएचपी, डेटाबेस आणि गिट. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतूनही धडे आहेत आणि ते मोफत आहेत. फ्रीकोडकॅम्प आणि एमडीएन इंग्रजीत आहेत, पण तिथली इंग्रजी सोपी आणि ठरावीक शब्दांची असते. अगस्ती महाविद्यालयातला विज्ञानाचा विद्यार्थी, आयटीआयमध्ये कोपा हा संगणकाचा कोर्स करणारा किंवा संगमनेरला इंजिनिअरिंगला जाणारा, तिघांनाही हे शिक्षणासोबत करता येतं. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, एसएसडी असलेला पुरतो, सेकंडहँडही चालेल. 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणत लाखभर फी मागणाऱ्या क्लासला पैसे भरण्याआधी मुलाने मोफत धड्यांवर सहा महिने नेटाने काढले का, एवढं पालकांनी बघावं. ते जमलं नसेल तर महागडा क्लासही त्याला पुढे नेणार नाही.

दुसरी बाजू व्यवहाराची. किती पानं, मजकूर कोण देणार, दुरुस्त्या किती वेळा, हे कामाआधी लिहून घ्यायचं. समजा काम वीस हजारांचं आहे. आठ हजार सुरुवातीला, सहा हजार डिझाइन पसंत पडल्यावर, सहा हजार लाँचच्या आधी. ओळखीतल्या माणसाकडे पैसे मागायला मुलं संकोचतात. आईवडिलांनी इथे मुलाची बाजू घ्यावी, "जाऊ दे, आपलेच आहेत" म्हणू नये. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. ती केली की २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचा आधार मिळतो. देणेकऱ्याने ठरलेल्या मुदतीत, आणि फार तर ४५ दिवसांत, पैसे द्यावेत असं तो कायदा सांगतो. सेवा व्यवसायाला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. आयकर विवरणपत्र मात्र पहिल्या वर्षापासून भरा, कर लागत नसला तरी. पुढे घराच्या कर्जाला बँक पगाराच्या चिठ्ठीऐवजी तेच मागते, आणि सोयरीक जमवताना समोरच्यांनाही दाखवायला काहीतरी लेखी राहतं.

पालकांनी "पॅकेज किती?" हे विचारणं सोडून द्यावं, कारण इथे ते लागू होत नाही. त्याऐवजी विचारा : देखभालीचे वार्षिक पैसे देणारी गिऱ्हाईकं किती आहेत? नवीन काम एखाद्या महिन्यात आलं नाही तरी हे पैसे येतात. दुसरा प्रश्न : एकदा काम दिलेलं गिऱ्हाईक परत आलं का? दोन वर्षांत दोन्हींची उत्तरं वाढत असतील तर मुलाला चालू द्या. वाढत नसतील तर नोकरीचा विचार करायला हरकत नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. शिकलेलं तिथेही उपयोगी पडतं.

एआयची भीती हल्ली प्रत्येक घरात आहे. साधं पाच पानी डिझाइन एआय खरंच पटकन करून देतो. नुसतं तेवढंच येणाऱ्याचं काम कमी होईल, हे मुलांपासून लपवू नये. पण टेंटवाल्याचे कागद गोळा करणं, बिघडलेला मराठी मजकूर सुधारणं, ऐन हंगामात बंद पडलेली वेबसाइट रात्री उभी करणं, या कामांना ओळखीचा, जबाबदार माणूसच लागतो. एआय वापरायला शिका, पण त्याने लिहिलेलं आपल्याला वाचून समजतं इथपर्यंत पाया पक्का करा.

आणखी एक. जमलं तर सुरुवातीचं वर्ष-दीड वर्ष पुण्याला किंवा नाशिकला एखाद्या लहान कंपनीत काढावं, असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचायची आणि मुदतीत काम देण्याची सवय एकट्याने घरी बसून लागत नाही. मुलींच्या बाबतीत "घरूनच होतंय ना, मग बाहेर कशाला" असं अनेक घरांत ठरून जातं. तिलाही ते वर्ष मिळू द्या. राजूरला किंवा कोतूळला परत येऊन काम करायचं ठरलं, तर येताना तिच्याकडे तिथल्या ओळखी असतील, आणि बाहेरगावची कामं बहुतेक त्याच ओळखींतून येतात.